मॉड चिप: लंडनचा निकाल की ऑस्ट्रेलियाचा?

प्लेस्टेशनमध्ये काळ्या बुडाची सीडी बसवून झाकण लावलं की कन्सोल आधी सीडीवरची एक खूण वाचतो. घरी राइट केलेल्या सीडीवर ती खूण उतरतच नाही. मदरबोर्डवर बारीक तारांनी सोल्डर केलेली मॉड चिप तीच खूण स्वतः पुरवते. मग पायरेटेड गेम चालतो, आणि दुसऱ्या देशासाठी बनवल्यामुळे एरवी न चालणारा, जपानहून पैसे मोजून आणलेला अस्सल गेमही चालतो. सगळा वाद इथेच पेटला.

लंडनमध्ये 2004 साली प्लेस्टेशन 2 च्या चिपचा खटला चालला. न्यायमूर्ती लॅडींचं म्हणणं सरळ होतं: गेम चालताना रॅममध्ये, म्हणजे कन्सोलच्या तात्पुरत्या मेमरीत, क्षणभर जे उतरतं, तीही प्रतच. सोनी जिंकली.

ऑस्ट्रेलियात मॉड चिप विकणाऱ्या सिडनीच्या स्टीव्हन्सवरचा सोनीचा खटला तीन पायऱ्या चढला. तो पहिल्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. अखेर 6 ऑक्टोबर 2005 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला. कारण? सीडी कन्सोलमध्ये जाते तेव्हा नक्कल आधीच झालेली असते. सोनीचं कुलूप नक्कल अडवत नाही, फक्त खेळणं अडवतं.

मला हाच निकाल पटतो. कायद्याने चोरी अडवावी. विकत घेतलेली वस्तू कुठल्या देशात वापरायची हे कंपनीच्या हाती का द्यावं?

अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये कायद्यातली अशा कुलपाची व्याख्या रुंदावली खरी, पण गेमचं रीजन कुलूप, म्हणजे परदेशी गेम अडवणारं कुलूप, त्यातून मुद्दाम वगळलं.