दहा दिवसांत साखर उतरवणारे चूर्ण

मला टाइप २ मधुमेह असल्याचे निदान झाले तेव्हा माझे एचबीए१सी, म्हणजे रक्तातील सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचा आकडा, ७.९ टक्के होते. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली, रोज चालायला आणि वजन उतरवायला सांगितले व तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. आयुष्यभर गोळी घ्यावी लागेल या विचाराने मी इतका खचलो होतो की, ‘मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या’ एका नैसर्गिक चूर्णाची जाहिरात दिसताच त्याच दिवशी मी त्या क्रमांकावर फोन केला.

पलीकडचे गृहस्थ अत्यंत आपुलकीने बोलत. त्यांनी माझे रिपोर्ट मागवले, झोप, भूक, कामाचा ताण या सर्वांची चौकशी केली. इतका वेळ मला तोवर कोणीही दिला नव्हता, हे मान्य करावेच लागते. संपूर्ण कोर्सचे पैसे त्यांनी आगाऊ घेतले. घरी आलेल्या डब्यांवर ‘१०० टक्के वनस्पतिजन्य’ एवढेच छापलेले होते. घटकांची नावे, उत्पादकाचा पत्ता, परवाना किंवा बॅच क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. याबद्दल विचारल्यावर, हे घराण्यात चालत आलेले गुपित असल्याचे उत्तर मिळाले. डब्यांसोबत एक पत्रकही होते. रोज अर्धा तास चालावे, रात्री लवकर आणि हलके जेवावे, गोड पेये सोडावीत, पुरेशी झोप घ्यावी, अशा सूचना त्यात होत्या आणि मी त्या मनापासून पाळू लागलो.

दहा दिवसांत माझी उपाशीपोटीची साखर १६८ वरून १०४ वर आली. हा आकडा मी पुरावा मानला आणि माझी फसवणूक नेमकी इथेच झाली. चूर्ण निरुपयोगी असते, तर महिन्याभरात मी ते टाकून दिले असते. ते काम करत होते, म्हणूनच त्यात काय आहे हे विचारणे मी सोडून दिले. ‘आता शरीर स्वतः साखर सांभाळते आहे’ असे सांगून त्या गृहस्थांनी मला मेटफॉर्मिन थांबवायला लावले आणि डॉक्टरांना न विचारता मी ते थांबवलेही.

सहाव्या आठवड्यात एका पहाटे पत्नीला जाग आली, तेव्हा मी घामाने भिजलो होतो आणि असंबद्ध बोलत होतो. रुग्णालयात साखर ३८ भरली. ७० च्या खाली गेली तरी ती धोक्याची मानतात. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती वर आली, पण काही तासांत पुन्हा घसरली आणि दुपारी आणखी एकदा घसरली. मधुमेहाची कोणतीच गोळी सुरू नसलेल्या माणसाची साखर अशी वारंवार कशी कोसळते, हा प्रश्न तिथल्या डॉक्टरांना पडला आणि त्यांनी पत्नीला घरातला डबा आणायला सांगितले. प्रयोगशाळेच्या तपासणीत त्या चूर्णात ग्लिबेनक्लामाइड सापडले.

ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे जुने, ॲलोपॅथीचेच औषध आहे. स्वादुपिंडाला ते साखर उतरवणारे इन्सुलिन सोडायला भाग पाडते, मग रक्तात साखर कमी असो की जास्त. शिवाय त्याचा परिणाम बराच काळ टिकतो. योग्य मात्रेत, देखरेखीखाली ते उपयोगी पडते, मात्र प्रत्येक चमच्यात ते किती आहे हे माझ्या चूर्णाबाबत कोणालाच ठाऊक नव्हते. त्यातच रात्रीचे हलके जेवण आणि रोजचे चालणे, म्हणजे एरवी हितकारक असलेल्या सवयी, त्या छुप्या औषधाबरोबर माझी साखर आणखी खाली ओढत होत्या. असे प्रकार नवे नाहीत, हेही मला तेव्हाच कळले. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये बेकायदा लैंगिक शक्तिवर्धक औषधांत हेच द्रव्य मिसळलेले निघाले होते आणि मधुमेह नसलेल्या माणसांचेही त्यात प्राण गेले होते.

सर्वाधिक राग मला त्या पत्रकाचा येतो, कारण त्यातला मजकूर खरा होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि सुमारे ७ टक्के वजन घटवण्याचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेह झाल्यानंतरही, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, बरेच वजन उतरवल्यास काही जणांची साखर गोळ्यांवाचून आटोक्यात राहते. परंतु त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात आणि नंतरही तपासण्या सुरू ठेवाव्या लागतात. एचबीए१सी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे सवयींचा खरा परिणाम दहा दिवसांत त्यात पुरता उमटत नाही. ज्यांना इन्सुलिनची गरज आहे, विशेषतः टाइप १ च्या रुग्णांनी, कोणाच्या सांगण्यावरून ते थांबवल्यास काही दिवसांतच जिवावर बेतू शकते.

रुग्णालयात शुद्धीवर आल्यानंतर मला पहिली आठवण ताईची झाली. माझा १०४ चा आकडा दाखवून मीच तिला दोन डबे पाठवले होते आणि तिला तर मूत्रपिंडाचा त्रास आहे, ज्यात हे औषध शरीरात अधिक काळ साठून राहते. पत्नीने लगेच फोन लावला. ताईला दोन दिवसांपासून हातांना कंप सुटत होता आणि तो अशक्तपणा समजून तिने चूर्णाचा एक चमचा वाढवला होता. तिला त्याच संध्याकाळी दाखल केले. तिचा डबाही आम्ही तपासणीला दिला आणि दोन्ही अहवाल जोडून औषध नियंत्रण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार नोंदवली. त्या गृहस्थांचा क्रमांक तेव्हापासून बंद आहे.