पटकी आणि धनुर्वात: दोन विषांच्या दोन तऱ्हा

आमच्या बीडकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी, अन् दिवाळीनंतर ऊसतोडीचा कोयता. घाण पाण्यातून पटकी येते, मातीनं माखलेल्या जखमेतून धनुर्वात.

पटकीचं विष पाच तुकड्यांनी आतड्याच्या पेशीला चिकटतं. सहावा आत शिरून एक बटण चालूच अडकवतो. पेशी मिठातलं क्लोराइड बाहेर टाकत राहते, मागोमाग पाणी. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. गंमत अशी, की पेशी मरत नाही, नळ तेवढा उघडा राहतो. आतड्यात पाणी आणतं ते जंतूंनी सोडलेलं विष, हे १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवलं.

धनुर्वाताचं विष मेंदूचे निरोप नेणाऱ्या नसेतून मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि 'आता सैल हो' हा निरोप पोचवायला लागणारं प्रथिन कापतं. मग स्नायू आखडलेलेच. आधी दातखीळ बसते.

मला विचाराल तर दुसरं जास्त वाईट. पटकीत साखरेसोबत मीठ आत घेणारी वाट शाबूत असते, म्हणून वेळेवर दिलेलं साखर-मिठाचं पाणी बहुतेकांना तारतं. फारच सुकलेल्याला सलाईन. नसेत घुसलेलं विष मात्र विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शननंही निघत नाही. पुढं कित्येक आठवडे दवाखाना.