म्हापशातील षट्कोनी लाद्यांचे दुकान

जुन्या घराच्या सोप्यासाठी षट्कोनी सिमेंट लाद्या घेताना म्हापशातील या दुकानाचा आलेला अनुभव समाधानकारक आहे. येथे ढोबळ आकडा सांगून माल गळ्यात मारत नाहीत. १० सें.मी. बाजूच्या समषट्कोनाचे क्षेत्रफळ सुमारे २६० चौ.सें.मी. भरते, म्हणून एका चौरस मीटरला साधारण ३८.५ लाद्या लागतात, हे मालकांनी कागदावर मांडून दाखवले आणि १२ चौरस मीटरच्या सोप्याला ४६२ लाद्या धरून, भिंतीलगतच्या कापणीसाठी १० टक्के वेगळ्या जोडल्या. षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा असल्याने एका बिंदूपाशी तीन लाद्या फटीविना मिळतात; समपंचकोनाच्या १०८ अंशांना ते साधत नाही. (एकाच प्रकारच्या सम आकाराने जमीन पूर्ण व्यापायची, तर त्रिकोण, चौरस आणि षट्कोन एवढेच पर्याय उरतात.) रंग जुन्या लादीशी उत्तम जुळला, मात्र लाद्यांच्या कडा किंचित कमी-जास्त निघाल्याने गवंड्याला सांधे रुंद ठेवावे लागले, आणि अशा नक्षीत तो फरक लगेच डोळ्यांत भरतो. अर्ध्या षट्कोनाच्या तयार लाद्या मिळाल्या असत्या, तर कापणीतील नासाडी बरीच टळली असती. दुकानाने त्या अवश्य ठेवाव्यात.