चिविता दि बान्योरेज्जो : कडा वाचायला शिकवणारी पायी सफर

रोमच्या उत्तरेस, व्हितेर्बो प्रांतातील चिविता दि बान्योरेज्जो या टेकडीवरच्या गावाची मार्गदर्शकासह अर्ध्या दिवसाची सफर आम्ही घेतली. तिची सर्वांत मोलाची बाजू अशी की, ती गावात सुरू होतच नाही. समोरच्या बान्योरेज्जो या शेजारच्या गावाच्या टोकाशी उभे करून मार्गदर्शक बाईंनी आम्हांला जवळजवळ अर्धा तास नुसता कडा दाखवला. वरचा तांबूस थर ज्वालामुखीच्या राखेचा टफ खडक, तर त्याखालची करडी, उघडी चिकणमाती प्राचीन समुद्रतळाची. पाऊस आणि दोन्ही अंगांचे ओढे ही माती धुऊन नेतात, आधार सुटलेल्या टफला उभ्या भेगा पडतात आणि कड्याचा तुकडा वरच्या घरांसकट दरीत जातो. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो थिजलेल्या लाव्ह्याचा. टफची ठिसूळता त्याला नाही.

एवढे समजल्यावर गावाचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. सुमारे २५०० वर्षांपूर्वी एट्रस्कन लोकांनी (रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांनी) संरक्षणासाठी निवडलेली ही जागाच पुढे गावाच्या मुळावर आली. १६९५ च्या भूकंपानंतर बिशपचे पीठ आणि नगरप्रशासन बान्योरेज्जोला हलले आणि गाव रिते होत गेले. आज तेथे बारमाही राहणारी माणसे मोजकीच आहेत. तेराव्या शतकातील संत बोनाव्हेंतुरा यांचे बालपणीचे घर जिथे होते, तिथे आता कड्याची धार आहे. त्या जागी बाई काही क्षण बोलल्याच नाहीत, आणि ते फार योग्य वाटले.

सान दोनातो चर्चसमोरच्या चौकात मात्र घाई झाली. भूशास्त्र आणि दरडींच्या संग्रहालयाला दिलेली वीस मिनिटे अगदीच अपुरी होती. कडा सावरण्याचे प्रयत्न समजून घ्यायचे तर किमान तासभर हवा. आमचा गटही मोठा होता, त्यामुळे वाऱ्यात मागच्यांना निम्मे ऐकू आले नाही.

गावात जाण्यासाठी १९६५ साली बांधलेला सुमारे ३०० मीटरचा पादचारी पूल आहे आणि त्याचा शेवटचा चढ चांगलाच खडा आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, सावकाश चढावे आणि गावाच्या प्रवेशशुल्काचा अंतर्भाव सफरीच्या दरात आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.