गाडीवरची डगमगती दाढ

नौपाड्यात एकतीस वर्षं लोकांच्या दाढा काढतोय. सिनेमात आमच्या धंद्यातला माणूस दिसलाच तर एक तर हसं करून घ्यायला, नाहीतर हिरोला खुर्चीत बांधून छळायला. म्हणून परवाच्या रविवारी हाडांच्या डॉक्टर मित्रानं फोनवर सांगितलं, ‘अरे, यात दाताचा डॉक्टर बंदूक घेऊन फिरतो,’ तेव्हा भर पावसात सव्वा तास घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसून कासारवडवलीला गेलो. त्यानं नवा प्रोजेक्टर घेतलाय, तो दाखवायचा होता. प्रोजेक्टर ठीक आहे, काळा रंग जरा राखाडी दिसतो. लिहायचंय ते सिनेमाबद्दल.

सिनेमा २०१२ चा, क्वेंटिन टॅरेंटिनोचा ‘जँगो अनचेन्ड’. मी तेव्हा चुकवला होता. गोष्ट सुरू होते १८५८ साली, टेक्सासमध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू व्हायच्या आधी. थंडीच्या रात्री साखळदंडात बांधलेले गुलाम रानातून चाललेत आणि समोरून एक घोडागाडी येते. तिच्या टपावर स्प्रिंगवर बसवलेली भली मोठी दाढ, गाडी हलली की डगमगणारी. मी जागेवरच टाळी वाजवली. अशी पाटी मला क्लिनिकवर लावता आली असती तर!

गाडीतून उतरतो तो डॉ. किंग शुल्ट्झ. जर्मन, गोडबोल्या, कागदपत्रांचा पक्का. दात काढणं त्यानं कधीच सोडलंय. आता फरार गुन्हेगारांना गोळ्या घालायच्या, प्रेत सरकारजमा करायचं आणि इनाम घ्यायचं, हा त्याचा धंदा. त्याला हवी असलेली तीन माणसं ओळखू शकेल असा एकच जण, गुलाम जँगो. शुल्ट्झ त्याला सोडवतो, धंद्यात घेतो, आणि मग दोघं जँगोच्या विकल्या गेलेल्या बायकोला आणायला मिसिसिपीत जातात. शुल्ट्झ झालाय क्रिस्टोफ वॉल्ट्झ. ऑस्कर मिळालं ते उगीच नाही. पेशंटला इंजेक्शन देण्याआधी आम्ही ज्या आवाजात ‘काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल’ म्हणतो, त्याच आवाजात हा माणूस समोरच्याला मरणाची नोटीस वाचून दाखवतो.

बायकोला ज्यानं विकत घेतलंय तो जमीनदार म्हणजे कॅल्विन कँडी, लिओनार्डो डिकॅप्रिओ. त्याच्या मळ्याचं नाव कँडीलँड. मालकाचे दात पिवळे-तपकिरी, किडके. मेकअपवाल्याला माझा नमस्कार. हा उमराव गुलामाची कवटी टेबलावर ठेवून ती करवतीनं कापतो आणि हाडातले खळगे दाखवून ‘हे लोक जन्मजात आज्ञाधारक’ असं शास्त्र सांगतो. माझा मित्र पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, ‘नापास!’ याच प्रसंगात टेबलावर हात आपटताना डिकॅप्रिओचा हात काचेनं खरोखर कापला आणि तो तसाच बोलत राहिला. पडद्यावरचं ते रक्त त्याचं स्वतःचं.

दातांवरून आठवलं. गुलामांच्या बाजारात गिऱ्हाईक आधी तोंड उघडायला लावायचं, बैल घेताना बघतात तसं. आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या हिशेबात १७८४ साली गुलामांना नऊ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे. तेव्हा कवळीत माणसाचे खरे दात बसवत. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी चिमटा हातात घेताना कसंसंच झालं होतं.

आता हिंसा. आहे, आणि चिक्कार आहे. पण दोन प्रकारची आहे. गोऱ्या मालकांना गोळ्या लागतात तेव्हा रक्ताची पिचकारी उडते, रंगपंचमीच. हसू येतं. गुलामांवरचा मार मात्र तसा नाही. पळून दमलेल्या एका गुलामावर कुत्रे सोडतात, तिथे साबुदाणा वडा माझ्या हातातच राहिला. दाखवलंय फार थोडं, ऐकू येतं फार. सौभाग्यवती तिथेच उठल्या आणि वहिनींबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

तो प्रसंग शुल्ट्झच्याही डोक्यातून जात नाही. पुढे सौदा पटतो, बारा हजार डॉलर मोजून होतात, कागदावर सह्या होतात, बाई मोकळी. कँडी फक्त एवढंच म्हणतो, आमच्याकडे सौदा झाला की हात मिळवतात. आणि पैशासाठी माणूस मारताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, त्याला तो हात पुढे करवत नाही. पावणेतीन तासांच्या सिनेमात मला हे दृश्य सगळ्यात मोठं वाटलं. त्यानंतर जे होतं ते सांगत नाही, पण एवढं सांगतो की नंतरच्या अर्ध्या तासात जीव नाही. धडाधड गोळीबार, स्फोट, आणि मध्येच टॅरेंटिनो स्वतः येऊन वाईट अभिनय करून जातो. जेमी फॉक्सचा जँगो रुबाबदार आहे, पण त्याची बायको झालेल्या केरी वॉशिंग्टनला घाबरण्यापलीकडे फार काम दिलेलं नाही. सॅम्युएल जॅक्सनचा म्हातारा कारभारी मात्र मालकापेक्षा भयंकर. असे कारभारी आपल्याकडच्या वाड्यांतूनही होऊन गेलेत.

इतिहास यातून शिकू नका. गाडीवरच्या त्या दाढेत भरलेलं डायनामाइट नोबेलनं पेटंट केलं १८६७ साली. सिनेमात दाखवलेत तसे गुलामांना मरेपर्यंत झुंजवायचे खेळ खरंच होत, याला भरवशाचा पुरावा नाही. एवढी महाग ‘मालमत्ता’ मालक अशी का वाया घालवेल? आणि बॉस्टनच्या मॉर्टन या दंतवैद्यानं १८४६ मध्येच ईथरची भूल जाहीर करून दाखवली होती, त्याचा मात्र इथे उल्लेखही नाही. ही तक्रार माझी एकट्याची. पण १८६० च्या शिरगणतीत तिथे जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम म्हणून मोजली होती, हे खरं. आणि ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यातून आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हेही खरं. शाळेत अर्पणपत्रिका पाठ केली होती. तिच्यामागचे साखळदंड मला पडद्यावर दिसले ते या वयात.

मुलांना दाखवू नका. शिव्या आहेत आणि काळ्यांना हिणवणारा ‘तो’ शब्द शंभराहून जास्त वेळा येतो. सबटायटल लावा, वॉल्ट्झचं जर्मन वळणाचं इंग्रजी सुटता कामा नये. पाचातले चार.

शेवटी जँगो घोड्याला नाचवत असताना सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, ‘अहो, तो तुमचा डॉक्टर कुठे गेला?’

‘गेला तो. मघाशीच.’

‘मग अजून काय बघताय? निघा, माजिवड्याला परत अडकू.’