भट्टी बदलायची, पण भट्टीवरच्या माणसाचं काय?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, क्युपोला ही कोकवरची (दगडी कोळशापासूनच्या इंधनावरची) भट्टी काढून विजेची इंडक्शन भट्टी बसवायची, तर कामगारांपुरत्या दोन वाटा आहेत.

पहिली झटपट: नवीन शिकलेली पोरं घ्यायची, जुन्या कंत्राटी कामगारांचा हिशेब करायचा. कारखान्याचा धूर लगेच कमी होतो. (वीज औष्णिक असेल तर तो दुसऱ्या गावाच्या वाट्याला जातो, हेही ध्यानात असू द्या.)

दुसरी वाट वेळ खाते. भट्टी यायच्या आधीच, पगार चालू ठेवून, त्याच माणसांना शिकवायचं. मला हीच पटते. वितळलेल्या लोखंडाच्या रसाचा रंग बघून ताव ओळखणाऱ्याला पॅनेलवरचे आकडे वाचायला शिकवता येतं. ओलाव्यावर वितळलेलं लोखंड पडलं की काय होतं, हे त्याला सांगावं लागत नाही. इंडक्शन भट्टीत ओलं भंगार टाकलं तर तोच स्फोटाचा धोका असतो.

2015 च्या हवामान बदलावरच्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही कामगारांच्या न्याय्य स्थित्यंतराचा, म्हणजे अशा बदलात कामगारांवर अन्याय होऊ नये याचा, उल्लेख आहे. मात्र शिकवणीच्या काळातला पगार एकट्या छोट्या कारखानदाराने सोसावा, हे बरोबर नाही. भट्टीला अनुदान द्याल, तर या पगारालाही द्या.