मराठवाड्यातील घरासाठी मध्यम किमतीचा टॅब : चार पर्यायांची तुलना

रात्री जेवणानंतर चित्रपट किंवा मालिका पाहायची, क्रिकेटचा सामना लावायचा आणि दिवसा शासननिर्णयाच्या पीडीएफ वाचणे, तक्ते भरणे, अर्ज करणे एवढे हलके काम करायचे, यासाठी वीस ते पस्तीस हजार रुपयांत टॅब घेऊ इच्छिणाऱ्यांसमोर पर्याय पुष्कळ आहेत. त्यांपैकी चार येथे शेजारी ठेवले आहेत : सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस ५जी, वनप्लस पॅड गो एलटीई, रेडमी पॅड प्रो ५जी आणि ॲपलचा ए१६ चिप असलेला आयपॅड. पहिले दोन ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिसरा जुलै २०२४ मध्ये आणि चौथा मार्च २०२५ मध्ये बाजारात आला. कंपन्या दरवर्षी नवी आवृत्ती काढतात, पण पुढे जे निकष मांडले आहेत ते त्या आवृत्त्यांनाही लावता येतील.

बहुतेक तुलना प्रोसेसरपासून सुरू होतात. माझ्या मते आपल्याकडे पहिला प्रश्न इंटरनेट कोठून येणार हा आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर शहरात फायबरची जोडणी असलेल्या घरात केवळ वाय-फायवर चालणारा टॅब पुरेसा आहे. मात्र जिंतूर, अहमदपूर किंवा केज तालुक्यातल्या एखाद्या गावात, किंवा शेतातल्या आखाड्यावर, घरातले इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाईलचे हॉटस्पॉट असते. तो मोबाईल तापतो, त्याची बॅटरी लवकर उतरते आणि ज्याचा मोबाईल आहे तो माणूस मोंढ्यात गेला की घरातला टॅब निकामी होतो. म्हणून अशा घरासाठी सिम कार्डाची सोय ही चैन नसून पहिली अट समजावी.

या अटीवर आयपॅड मागे पडतो. केवळ वाय-फाय असलेल्या १२८ जीबीच्या आयपॅडची जाहीर किंमत ३४,९०० रुपये होती आणि सिमची सोय असलेल्याची ४९,९०० रुपये; म्हणजे सिमसाठी पंधरा हजार रुपये अधिक. त्या तुलनेत वनप्लस पॅड गो एलटीई १२८ जीबीसह २१,९९९ रुपयांना आणि रेडमी पॅड प्रो ५जी २४,९९९ रुपयांना आला. सॅमसंगही याच पट्ट्यात बसतो. वनप्लसमध्ये ५जी नाही, फक्त ४जी आहे. पण आपल्या गावातला टॉवर अजून ४जीचाच असेल, तर तेवढ्यासाठी त्याला बाद करण्याचे कारण नाही. सिम चालते म्हणजे त्यावरून साधा फोनही लावता येतो असे मात्र गृहीत धरू नये; ती गोष्ट दुकानातच सिम घालून पाहावी.

सिमवर चित्रपट पाहणाऱ्याने डेटाचा हिशेबही आधीच करावा. नेटफ्लिक्सवर एचडी दर्जाचे चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा घेते. रोजचे दीड किंवा दोन जीबी देणारे रिचार्ज असेल तर एक चित्रपटही पुरा होत नाही. अशा वेळी चित्राचा दर्जा उतरवावा लागतो, किंवा शहरात नातेवाइकांच्या वाय-फायवर चार चित्रपट उतरवून आणावे लागतात. येथे मेमरी कार्डाची खाच उपयोगी पडते. सॅमसंग, वनप्लस आणि रेडमी या तिघांत ती आहे, आयपॅडमध्ये नाही. रोज ऑनलाइन पाहणाऱ्याला याचे महत्त्व वाटणार नाही, पण कीर्तनांची ध्वनिमुद्रणे, लग्नाचे चित्रीकरण आणि मुलांचे धडे एकाच उपकरणात साठवणाऱ्या घरात १२८ जीबी भरायला फार काळ लागत नाही.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक बाब. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशांसह घ्यावा लागतो. वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, त्यामुळे या कामासाठी तो धरू नये. खिशातला मोबाईल हे काम टॅबपेक्षा सोयीने करतो, हेही खरे.

पडद्याचा आकार आणि त्याचे प्रमाण

जाहिरातीत पडदा इंचांत सांगतात आणि ते माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असते. त्यातून लांबी-रुंदीचे प्रमाण कळत नाही, आणि करमणूक व काम या दोन्हींसाठी एकच टॅब घेणाऱ्याने सर्वाधिक विचार याच गोष्टीचा करावा असे मला वाटते. आजकालचे बहुतेक व्हिडिओ १६:९ या प्रमाणात असतात, म्हणजे बरेच आडवे. याउलट ए४ आकाराच्या कागदाचे प्रमाण सुमारे १.४१ आहे. सातबारा, शासननिर्णय, प्रश्नपत्रिका, बँकेचे विवरण हे सगळे ए४वरच निघते. जो पडदा चित्रपटाला नेमका बसतो तो कागदाला अरुंद पडतो, आणि कागदाला बसणारा पडदा चित्रपटाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या सोडतो.

हिशेब करून पाहिला तर चित्र स्पष्ट होते. सॅमसंगचा पडदा ११ इंचांचा आणि १६:१० प्रमाणाचा आहे. त्यावर १६:९चा व्हिडिओ सुमारे १०.७ इंचांचा दिसतो, मात्र उभा धरला की ए४चे पान मूळ आकाराच्या सुमारे ७० टक्केच होते. वनप्लसचा पडदा ११.३५ इंचांचा आणि ७:५ प्रमाणाचा, म्हणजे जवळजवळ कागदाच्याच आकाराचा आहे. त्यावर व्हिडिओ सुमारे १०.६ इंचांचा दिसतो आणि ए४चे पान ७९ टक्क्यांपर्यंत मोठे होते. म्हणजे चित्रपटात नगण्य तोटा सोसून वाचनात मोठा लाभ मिळतो. रेडमीचा पडदा १२.१ इंचांचा आणि पुन्हा १६:१०चा आहे. व्हिडिओ सुमारे ११.८ इंचांचा आणि पान ७७ ते ७८ टक्के. आयपॅडवर व्हिडिओ सव्वादहा इंचांच्या आसपास आणि पान ७५ टक्के. केवळ या कसोटीवर पाहिले तर चित्रपटासाठी रेडमी आणि पानासाठी वनप्लस असा स्पष्ट निकाल लागतो, आणि पानाच्या बाबतीत सॅमसंगची बाजू सर्वांत दुबळी आहे.

पान किती मोठे दिसते याइतकेच ते किती ठसठशीत दिसते, हे मराठी वाचकासाठी महत्त्वाचे आहे. रफार, अनुस्वार, उकार आणि उभी जोडाक्षरे असलेल्या आपल्या लिपीत बारीक अक्षर धूसर झाले की रोमन अक्षरापेक्षा आधी वाचण्याजोगे राहत नाही. जुन्या दस्ताच्या स्कॅन केलेल्या प्रतीत तर ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत फरक करणेही कठीण होते. सॅमसंगच्या पडद्यावर इंचाला सुमारे २०६ बिंदू आहेत, रेडमीवर सुमारे २५० आणि वनप्लसवर सुमारे २६०. आयपॅड २६४ बिंदूंसह सर्वांत पुढे आहे. चित्रपट पाहताना हा फरक जाणवेलच असे नाही, पण तासभर पीडीएफ वाचणाऱ्या शिक्षकाच्या किंवा वकिलाच्या डोळ्यांना तो नक्की जाणवतो.

मोठ्या पडद्याची किंमत वजनात मोजावी लागते. सॅमसंग पाचशे ग्रॅमच्या आत राहतो, वनप्लस ५३२ ग्रॅमचा आणि रेडमी ५७१ ग्रॅमचा आहे. त्यावर कव्हरचे वजन वेगळे. बाजेवर पडून एका हाताने धरायचा असेल तर रेडमी लवकर जड होतो. टेबलावर किंवा मांडीवर उशी ठेवून पाहणाऱ्याला ही अडचण नाही.

उन्हाळा आणि वीज

एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, बीड भागात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात आतले तापमानही फार कमी नसते. आयपॅड वापरण्यासाठी ॲपलने स्वतःच ० ते ३५ अंशांची मर्यादा सांगितली आहे. इतर कंपन्यांच्या उपकरणांतही लिथियमचीच बॅटरी असते, त्यामुळे उष्णता तिला सारखीच मारक ठरते. उपकरण तापले की ते पडद्याचा उजेड आपोआप कमी करते आणि चार्जिंगचा वेग उतरवते. तो बिघाड नसून बचाव असतो. दुपारी टॅब चार्जिंगला लावून त्यावरच सामना पाहणे ही बॅटरीसाठी सर्वांत वाईट सवय आहे. चार्जिंग शंभर टक्क्यांच्या आधी थांबवण्याची सोय टॅबमध्ये असेल तर ती उन्हाळ्यात चालू ठेवावी.

वीज जाण्याचे वेळापत्रक सांभाळून राहणाऱ्या गावात चार्जिंग किती लवकर होते हे बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा कमी महत्त्वाचे नाही. सॅमसंगची बॅटरी ७०४० एमएएचची आहे आणि चार्जिंग १५ वॅटचे; वाया जाणारी वीज आणि शेवटी मंदावणारा वेग धरला तर ती रिकामी असताना पूर्ण भरायला दोन तासांहून अधिक वेळ लागणार. वनप्लसची ८००० एमएएच आणि रेडमीची १०,००० एमएएच असूनही दोन्हींना ३३ वॅटची सोय आहे. दोन तास लाईट आली आणि पुन्हा गेली, तर त्या अवधीत अधिक वीज साठवून घेणारे हे दोन टॅब आहेत. सॅमसंगच्या खोक्यात चार्जर मिळत नाही, त्याचा खर्च वेगळा धरावा.

अंगणात किंवा ओसरीत दिवसा वापरायचा असेल तर पडद्याचा उजेडही पाहावा. कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे रेडमी ६०० निट्सपर्यंत (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) जातो, आयपॅड ५०० निट्स आणि वनप्लस ४००. घरात चारही चालतील, पण चैत्रातल्या दुपारी ओसरीत बसून वनप्लस वाचणे त्रासाचे होईल, आणि वाचनासाठीच तो घेणाऱ्याने ही उणीव लक्षात ठेवावी.

आवाजाबद्दल थोडेच सांगायचे आहे. तिन्ही अँड्रॉइड टॅबमध्ये चार स्पीकर आहेत, आयपॅडमध्ये दोन. कूलर पूर्ण वेगाने चालू असलेल्या खोलीत मात्र कोणत्याही टॅबमधले संवाद नीट ऐकू येणे अवघड असते, म्हणून वायरचे साधे इयरफोन लावण्याची खाच असणे उपयोगाचे. ती सॅमसंग आणि रेडमीत आहे. वनप्लस आणि आयपॅडमध्ये नाही.

हलके काम म्हणजे नेमके कोणते

प्रोसेसरची बाब येथे आवरती घेता येते. ए१६ चिपमुळे आयपॅड चौघांत सर्वांत वेगवान आहे, पण व्हिडिओ, तक्ते आणि पीडीएफ या कामांत तो वेग दिसून येत नाही. त्यापेक्षा रॅम पाहावी : सॅमसंगचा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीचा प्रकार स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, ८ जीबी आणि १२८ जीबीचाच घ्यावा. दोन ॲप शेजारी उघडून एकात वाचणे व दुसऱ्यात लिहिणे हे खरे हलके काम, आणि ते चार जीबीत अडखळते. सॅमसंगमध्ये डेक्स नावाची सोय आहे, जिच्यामुळे टॅबच्याच पडद्यावर संगणकासारख्या खिडक्या उघडतात. कीबोर्ड जोडून लिहिणाऱ्याला ती आवडेल.

टॅब कोठे कमी पडतो हेही आधी ठाऊक असावे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली जुनी वर्ड फाइल टॅबवर उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत, पतसंस्थांत व छापखान्यांत अशा फाइली अजून पुष्कळ आहेत. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन लावून करायची कामे तर संगणकासाठीच बांधलेली असतात. रोजचे काम या प्रकारचे असेल तर टॅबचा विचार सोडून त्याच पैशात वापरलेला पण चांगला लॅपटॉप पाहणे शहाणपणाचे आहे.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. वर्गातल्या टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला वायरने जोडायचे असेल तर चौघांपैकी फक्त आयपॅडच्या यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर जाते. बाकी तिघांना चित्र बिनतारी पाठवावे लागते, आणि टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला ती सोय नसेल तर धडा अडतो. दुसरी गोष्ट पेनची. उत्तरपत्रिकेच्या पीडीएफवर हाताने खुणा करायच्या असतील तर सॅमसंग ए९ प्लस आणि वनप्लस पॅड गो निरुपयोगी आहेत. रेडमी आणि आयपॅडला पेन चालते, पण वेगळे विकत घ्यावे लागते. पेन खोक्यातच हवे असेल, आणि धूळ व पाण्यापासून संरक्षणही हवे असेल, तर सॅमसंगचाच गॅलेक्सी टॅब एस९ एफई हा थोडा महाग पर्याय पाहण्याजोगा आहे.

किती वर्षे चालेल या प्रश्नावर आयपॅडची बाजू भक्कम आहे. २०२० साली आलेल्या आठव्या पिढीच्या आयपॅडला २०२५ मधील आयपॅड ओएस २६ मिळाली. बँकेची आणि शासनाची ॲप जुन्या प्रणालीवर चालेनाशी होतात, म्हणून फायबर असलेल्या घरात सहा वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर आयपॅडचा वार्षिक खर्च अँड्रॉइड टॅबच्या जवळ येतो. सिमवर अवलंबून असलेल्या आणि प्रामुख्याने चित्रपटांसाठी टॅब घेणाऱ्या घराला मी रेडमी पॅड प्रो ५जी सुचवीन. कागद अधिक आणि चित्रपट कमी असतील तर वनप्लस. आणि हलके वजन हीच मुख्य गरज असेल तर सॅमसंग.

दुकानात जाताना नेहमी वाचावी लागणारी एखादी स्कॅन केलेली पीडीएफ सोबत न्यावी आणि टॅब उभा धरून, अक्षर मोठे न करता, ती वाचता येते का ते पाहावे. अँड्रॉइड टॅब असेल तर नेटफ्लिक्स ॲप उघडून सेटिंग्जमध्ये प्लेबॅकच्या तपशिलात वाइडवाइनची (चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या प्रणालीची) पातळी एल१ दाखवते याची खात्री करावी. एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असला तरी चित्र एचडी दिसत नाही. कंपनीचे सेवा केंद्र आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे की पडदा फुटल्यावर संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागेल, हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कंपनीच्या संकेतस्थळावर तेथेच तपासावे.